स्टिअरिंग सर्व्हो (दूरनियंत्रित शर्यतगाडी)

दूरनियंत्रित शर्यतगाडीची पुढची चाके डावीउजवीकडे वळवणाऱ्या छोट्या विद्युतयंत्रास स्टिअरिंग सर्व्हो म्हणतात. चालकाच्या हातातील ट्रान्समीटरकडून आलेला संदेश गाडीतील रिसीव्हर ग्रहण करतो व सर्व्होकडे पाठवतो. सर्व्हो त्या संदेशात सांगितलेल्या कोनापर्यंत आपला दांडा फिरवतो आणि पुढचा संदेश येईपर्यंत दांडा त्याच जागी धरून ठेवतो. सर्वसाधारण आकाराचा सर्व्हो सुमारे ४० मिमी लांब, २० मिमी रुंद व ३८ मिमी उंच असतो. पेटीत विद्युत मोटर, दंतचक्रांची माळ, स्थिती मोजणारा संवेदक व नियंत्रक मंडल अशी चार अंगे असतात.

गाडीतील सर्व यंत्रभागांत सर्वाधिक धक्के सोसणारा विद्युतभाग हाच होय. विमानाच्या प्रतिकृतीतील सर्व्होवर हवेचा दाब येतो व तो क्रमाक्रमाने वाढतो. गाडीच्या सर्व्होवर मात्र दगड, कुंपणाची फळी किंवा दुसऱ्या गाडीचे चाक यांचा आघात क्षणार्धात येतो. सर्व्हो निकामी झाला तर शर्यत तर हातची जातेच, पण तीन-साडेतीन किलोची गाडी वेगात असताना दिशाहीन होते आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यावर आदळू शकते. त्यामुळे सर्व्हो निवडताना वेष्टनावर ठळक छापलेल्या टॉर्कच्या आकड्यापेक्षा तो सर्व्हो अनेक धडकांनंतरही अचूक मध्यावर परत येतो की नाही, ही कसोटी अधिक महत्त्वाची ठरते. या लेखात टिकाऊपणाचा अर्थ असाच घेतला आहे.

नाव व पूर्वेतिहास

‘सर्व्हो’ हा शब्द गुलाम किंवा दास या अर्थाच्या ‘सर्वुस’ या लॅटिन शब्दावरून आला आहे. मराठीतील ‘सेवक’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य लक्षात येण्यासारखे आहे. परंतु एवढ्यावरून दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे असे म्हणता येत नाही. फ्रेंच अभियंता जोसेफ फार्को याने १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाच्या नावात ‘सर्व्हो-मोतर’ हा शब्द वापरला. वाफेच्या बळावर जहाजाचे सुकाणू फिरवणारी यंत्रणा हा त्याचा विषय होता. त्याआधी काही वर्षे, १८६६-६७ च्या सुमारास, जॉन मॅक्फार्लेन ग्रे याने ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळातील जगातील सर्वांत मोठ्या जहाजावर वाफेचे सुकाणूयंत्र बसवले होते. नावाड्याने चाक फिरवले की वाफ सुकाणू फिरवू लागे आणि सुकाणू इच्छित जागी पोहोचताच वाफेचा मार्ग आपोआप बंद होई. इच्छित स्थिती व प्रत्यक्ष स्थिती यांतील फरक मोजावयाचा आणि तो शून्य होईपर्यंत बळ लावावयाचे, हे तत्त्व आजच्या हातभर लांबीच्या गाडीतही तसेच आहे. दिशा देणे हे सर्व्होचे अगदी आरंभीचे काम होते, असे म्हणावयास हरकत नाही.

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातील ओझर येथे हे तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर वापरात आले. १९६४ साली येथे मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या या कारखान्यात मिग-२१, मिग-२७ आणि पुढे सुखोई-३० एमकेआय ही विमाने बनली. मिग-२१ च्या पंखांवरील एलेरॉन व शेपटीचा आडवा पृष्ठभाग वैमानिकाच्या हाताच्या बळाने हलत नसत. द्रवदाबावर चालणारे बूस्टर ते हलवीत. हवेचा प्रतिदाब बूस्टरमधून उलट दिशेने वैमानिकाच्या हातापर्यंत पोहोचत नसे. म्हणून दांड्याला मुद्दाम स्प्रिंगची कृत्रिम जडता दिलेली असे, म्हणजे आपण किती बळ मागत आहोत याचा अंदाज हाताला येई. याच विमानाचे पुढचे चाक मात्र कोणत्याही यंत्राने वळवले जात नसे. ते पलंगाच्या चाकासारखे मोकळे फिरे व धावपट्टीवर डाव्या-उजव्या चाकांना कमीअधिक ब्रेक लावून दिशा सांभाळावी लागे.

दूरनियंत्रित गाडीच्या चालकाला अशी कृत्रिम जडताही मिळत नाही. गाडीचे चाक दगडात अडकले असो की हवेत असो, त्याच्या हातातील ट्रान्समीटरचे छोटे चाक सारख्याच हलकेपणाने फिरते. सर्व्होवर ताण येत आहे हे त्याला हाताने कळत नाही. ते कानाने, गाडीच्या वागण्याने आणि शर्यतीनंतर बोटाने तपासून ओळखावे लागते.

रचना व कार्य

रिसीव्हर सर्व्होकडे ठराविक अंतराने विद्युत स्पंद पाठवतो. स्पंदाची लांबी १.५ मिलिसेकंद असेल तर दांडा मध्यावर, १ मिलिसेकंद असेल तर एका टोकाकडे व २ मिलिसेकंद असेल तर दुसऱ्या टोकाकडे जातो. जुन्या पद्धतीत असे स्पंद सेकंदाला ५० वेळा येतात. नियंत्रक मंडल स्पंदाची लांबी आणि संवेदकाने मोजलेली दांड्याची स्थिती यांची तुलना करते व फरक असेल त्या दिशेने मोटर फिरवते. काही सर्व्होंचा मध्य ७६० मायक्रोसेकंदांचा असतो. ते हेलिकॉप्टरच्या शेपटीसाठी बनवलेले असतात. स्वस्तात मिळाले म्हणून ते गाडीला लावू नयेत. सामान्य रिसीव्हरच्या १.५ मिलिसेकंदांच्या स्पंदावर ते मध्यावर थांबत नाहीत.

अ‍ॅनालॉग सर्व्होमध्ये मोटरला बळ देण्याचे काम रिसीव्हरच्या त्याच मंद तालावर चालते. डिजिटल सर्व्होमधील सूक्ष्मनियंत्रक मोटरला सेकंदाला शेकडो वेळा बळ देतो. त्यामुळे थोडा जरी धक्का बसला तरी दांडा लगेच सावरला जातो आणि स्थिती घट्ट धरली जाते. त्याचबरोबर विजेचा खर्च व उष्णता वाढते. शर्यतीसाठी आज डिजिटल सर्व्होच वापरतात. ‘डिजिटल’ या शब्दाने टिकाऊपणाची मात्र कोणतीही हमी मिळत नाही.

मोटर तीन प्रकारची असते. लोखंडी गाभ्याची ब्रशयुक्त मोटर सर्वांत स्वस्त व बरीच सोशिक असते. गाभाविरहित, म्हणजे कोअरलेस मोटरमध्ये तारांचे वेटोळेच पेल्याच्या आकारात फिरते. त्यात लोखंड नसल्याने ती चपळ असते, पण अडकून पडल्यास उष्णता बाहेर टाकण्यास तिला फारसा मार्ग नसतो. ब्रशलेस मोटरमध्ये झिजणारे ब्रश नसतात, म्हणून तिचे आयुष्य सर्वाधिक असते व किंमतही तशीच असते. नियमितपणे शर्यतीत उतरणाऱ्याने ब्रशलेस मोटरसाठी जास्तीचे पैसे मोजणे योग्य आहे. महिन्यातून एकदा गाडी काढणाऱ्या विद्यार्थ्याला चांगल्या कोअरलेस सर्व्होने काही उणे पडत नाही.

दाते का तुटतात

सर्व्होची मोटर अतिशय वेगाने फिरते आणि तिचा वेग दंतचक्रांच्या माळेने शेकडो पटींनी कमी केला जातो. हे प्रमाण २०० धरले तर दांडा एकदा फिरण्यासाठी मोटर २०० वेळा फिरते. आता उलट बाजूने विचार करावा. चाक दगडावर आदळले व दांडा बाहेरून ढकलला गेला, तर मोटरला त्याच क्षणी २०० पट वेगाने फिरावे लागेल. मोटरच्या फिरत्या भागाचे जडत्व दांड्याच्या बाजूने पाहता गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ४०,००० पटींनी वाढलेले जाणवते. असा भाग एका क्षणात गती घेऊ शकत नाही. आघात पुढे सरकत नाही आणि मधल्या दात्यांतच जिरतो. गाडी बंद असताना, सर्व्होला वीज नसतानाही जोराच्या आघाताने दाते तुटतात, त्याचे कारण हेच.

आघातातील ऊर्जाही लहान नसते. एक-अष्टमांश प्रमाणातील ३.५ किलोची गाडी ताशी ३६ किमी, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा १७५ जूल असते. एक किलोचे वजन सुमारे १८ मीटर उंचीवरून खाली टाकल्यास जमिनीवर पोहोचताना एवढीच ऊर्जा त्यात असते. त्यातील थोडा भाग जरी एका चाकातून स्टिअरिंगच्या दांड्यांत शिरला तरी बोटाच्या नखाहून लहान दंतचक्रांना तो पेलावा लागतो.

दाते नायलॉनचे असतील तर ते पहिल्याच मोठ्या धडकेत सोलले जातात. हलक्या प्रशिक्षण गाडीत हे एका परीने सोयीचेही असते. स्वस्त दंतचक्र तुटते व महाग मोटर वाचते. पितळ व तत्सम मऊ धातूंची चक्रे तुटत नाहीत, पण झिजतात आणि दात्यांमधील खेळ वाढत जातो. पोलादी चक्रे जड असली तरी सर्वांत कमी झिजतात. टायटॅनियमची चक्रे हलकी व बळकट असतात, पण महाग असतात. चांगल्या सर्व्होमध्ये सर्व चक्रे एकाच धातूची नसतातही. मोटरजवळची वेगवान चक्रे हलक्या धातूची ठेवून, सर्वाधिक पीळ सोसणारी शेवटची दोन चक्रे पोलादाची वा टायटॅनियमची करणे ही शहाणपणाची रचना होय. वेष्टनावर केवळ ‘मेटल गिअर’ एवढेच लिहिलेले असेल, तर कोणता धातू व किती चक्रे धातूची, हे दुकानदारास विचारावे. उत्तर न मिळणे हेही एक उत्तरच असते.

दाते बळकट झाले की आघात पुढच्या दुबळ्या जागी जातो. ती जागा बहुधा दांड्याचा आधार असते. दांडा साध्या धातूच्या कड्यात फिरत असेल तर कडे झिजून दांडा डुलू लागतो. वर-खाली दोन बॉल बेअरिंग असतील तर तो वर्षानुवर्षे सरळ राहतो. त्यानंतरची दुबळी जागा म्हणजे पेटीचे स्क्रूचे कान. प्लास्टिकच्या पेटीचे कान धडकेत तुटतात. मधला भाग अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर कान टिकतात आणि मोटरची उष्णताही बाहेर पडते. पोलादी दाते आणि मऊ प्लास्टिकची पेटी ही जोडी फसवी असते.

स्थिती मोजणाऱ्या संवेदकाकडे बहुतेक खरेदीदारांचे लक्ष जात नाही. सामान्य सर्व्होत तो पोटेन्शिओमीटर असतो. कार्बनच्या पट्टीवर एक पातळ धातूची जीभ घासत फिरते. गाडी सर्वाधिक वेळ सरळ धावत असल्याने पट्टीचा मध्यभागच प्रथम झिजतो. मग गाडी थांबलेली असताना चाके थरथरू लागतात आणि सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढू लागते. चुंबकीय संवेदकात घासणारे काही नसते, त्यामुळे हा दोष येत नाही. असा संवेदक असल्यास निर्माते ते आवर्जून सांगतात.

टॉर्क व वेग यांचे आकडे

सर्व्होचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याची ताकद, किलो-सेंटिमीटरमध्ये सांगतात. १० किलो-सेंमी टॉर्कचा सर्व्हो दांड्यापासून १ सेंमी अंतरावर १० किलो व २ सेंमी अंतरावर ५ किलो वजनाइतके बळ लावतो. वेग हा ६० अंश फिरण्यास लागणाऱ्या सेकंदांत सांगतात, म्हणून येथे लहान आकडा चांगला. टॉर्क दांडा जागच्या जागी अडवून व वेग कोणताही भार नसताना मोजलेला असतो. हे दोन्ही आकडे एकाच वेळी कधीही मिळत नाहीत, आणि ते कोणत्या विद्युतदाबावर मोजले हे पाहिल्याखेरीज दोन सर्व्होंची तुलना करता येत नाही.

वेगाचा अर्थ पुढील हिशेबाने स्पष्ट होईल. गाडी ताशी ६० किमी वेगाने जात असताना ती एका सेकंदात सुमारे १६.७ मीटर पुढे जाते. ०.१४ सेकंदाचा सर्व्हो ६० अंश फिरेपर्यंत गाडी २.३ मीटर अंतर कापते, ०.०७ सेकंदाचा सर्व्हो असेल तर १.२ मीटरपेक्षाही कमी. शर्यतीच्या मार्गावरील वळणांत हा फरक मोठा असतो.

एक-दशांश प्रमाणातील, दीड किलोच्या आतबाहेर वजनाच्या डांबरी मार्गावरील गाडीस ६ ते १० किलो-सेंमी टॉर्क पुरतो. तेथे वेगाला प्राधान्य द्यावे. त्याच प्रमाणातील कच्च्या मार्गावरील बग्गीस ८ ते १५, एक-अष्टमांश बग्गीस १५ ते २५ किंवा अधिक, आणि एक-पंचमांश प्रमाणातील मोठ्या गाडीस ३० च्या वर टॉर्क लागतो. दगडांवर हळूहळू चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांना वेग नको, पण टॉर्क भरपूर हवा. हे आकडे नियम नव्हेत, अनुभवाने बसलेले अंदाज आहेत. गरजेच्या दीडपट टॉर्क घेतला तर सर्व्हो सदैव पूर्ण ताकदीने कण्हत राहत नाही व त्याचे आयुष्य वाढते. तिप्पट घेण्यात लाभ नाही. वीज जास्त लागते आणि कमकुवत जोडदांडे वाकतात.

शर्यतीचा कालावधीही पाहावा. विजेवरील एक-दशांश गाड्यांची फेरी साधारण पाच मिनिटांची असते. इंधनावर चालणाऱ्या एक-अष्टमांश बग्गींच्या, इफमार या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक स्पर्धेतील अंतिम फेरी मात्र तासभर चालते. पाच मिनिटांत गरम न होणारा सर्व्हो तासाभरात जळू शकतो.

विद्युतदाब व उष्णता

सर्व्हो विकत घेताना प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे त्याचा विद्युतदाब. जुने व स्वस्त सर्व्हो ४.८ ते ६ व्होल्टवर चालतात. उच्चदाब सर्व्हो ७.४ किंवा ८.४ व्होल्ट सोसतात. दोन घटांची लिथियम-पॉलिमर बॅटरी पूर्ण भारित असताना ८.४ व्होल्ट देते. ६ व्होल्टचा सर्व्हो तिला थेट जोडला तर तो लवकरच जळतो. बहुतेक विद्युत गाड्यांत वेगनियंत्रकातील बीईसी हा भाग रिसीव्हर व सर्व्होला ठरावीक दाब पुरवतो. तो किती व्होल्टवर ठेवला आहे आणि किती अँपिअर देऊ शकतो, हे दोन्ही आकडे सर्व्होच्या आकड्यांशी पडताळावेत.

दुसरा आकडा का महत्त्वाचा, ते एका उदाहरणावरून दिसेल. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत एमजी९९६आर हा सर्व्हो फार परिचित आहे. त्याचे वजन ५५ ग्रॅम, ६ व्होल्टवर टॉर्क ११ किलो-सेंमी व वेग ०.१४ सेकंद असा दिलेला असतो. दांडा अडवला असता तो २.५ अँपिअरपर्यंत विद्युतप्रवाह ओढतो. सहा गुणिले अडीच, म्हणजे १५ वॅट. दांडा हलत नसल्याने ही सर्व ऊर्जा उष्णता होते. विद्युत जोडकामाची लहान डाग देण्याची लेखणी २५ वॅटची असते, हे ध्यानात घेतले म्हणजे बंद पेटीतील मोटरचे काय होत असेल याची कल्पना येते. बीईसी एवढा प्रवाह देऊ शकला नाही तर दाब कोसळतो, रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि गाडी तेवढ्या वेळात भरकटते. पुष्कळदा अशा वेळी दोष रेडिओला दिला जातो. रिसीव्हरच्या मोकळ्या जागेत योग्य दाबाचा कपॅसिटर लावल्यास क्षणिक उतार भरून निघतो. सतत कमी पडणाऱ्या प्रवाहावर मात्र तो उपाय नव्हे.

एमजी९९६आर व नऊ ग्रॅमचा एसजी९० हे सर्व्हो शिकण्यासाठी उत्तम आहेत. काही शे रुपयांत सर्व्होचे तत्त्व हातात येते. मात्र एकाच क्रमांकाखाली अनेक ठिकाणी बनलेला माल बाजारात असतो व दोन नगांत बराच फरक आढळतो. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टसारख्या महोत्सवांत दूरनियंत्रित गाड्यांच्या शर्यती झाल्या आहेत. अशा ठिकाणी उतरणाऱ्या संघाने सरावासाठी स्वस्त सर्व्हो व शर्यतीसाठी दुसरा, अशी विभागणी करणे पैशाच्या दृष्टीनेही फायद्याचे असते.

माती, पाणी व हवामान

निफाड तालुक्याची जमीन बव्हंशी काळी, खोल व चिकट आहे. उन्हाळ्यात तिची बारीक धूळ होते आणि पावसाळ्यात ती चाकाला चिकटून चाकाचे वजन वाढवते. ओझरसारख्या परिसरात कच्च्या मैदानावर गाडी चालवणाऱ्यास या दोन्ही टोकांचा विचार करावा लागतो. धूळ पेटीच्या सांध्यांतून व दांड्याच्या भोवतालच्या फटीतून आत शिरते, वंगणात मिसळते आणि दात्यांना कानसेसारखी घासते. सांध्यांत रबरी पट्टी व दांड्याभोवती रबरी कडे असलेला सर्व्हो म्हणूनच घ्यावा. आयपी६७ या चिन्हातील ६ हा अंक धुळीपासून पूर्ण संरक्षण दर्शवतो व ७ हा अंक एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही हानी न होण्याची कसोटी दर्शवतो. पावसात न चालवणाऱ्यालाही यातील पहिला अंक उपयोगाचा आहे.

चिकट मातीचे गोळे लागलेल्या चाकाला वळवण्यास नेहमीपेक्षा जास्त टॉर्क लागतो, म्हणून पावसाळी मैदानासाठी टॉर्कचा निवडलेला आकडा थोडा वर न्यावा. एप्रिल-मे महिन्यांत जिल्ह्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. उन्हात ठेवलेल्या गाडीचा सर्व्हो शर्यत सुरू होण्यापूर्वीच तापलेला असतो. उलट, थंडीसाठी प्रसिद्ध असलेल्या निफाडच्या हिवाळी पहाटे वंगण घट्ट होते. सर्व्होला त्याने इजा होत नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मंद वाटतात इतकेच.

जोडणी

सर्व्हो निकामी होण्याची कारणे पाहता, चुकीच्या जोडणीने जेवढे सर्व्हो जातात तेवढे धडकेने जात नसावेत, असे म्हणावेसे वाटते. दांड्याच्या टोकावरील दात्यांची संख्या सर्व कंपन्यांची एक नसते. फुताबा व सॅव्हॉक्स यांची २५, हायटेकची बहुधा २४, तर सानवा व केओ यांची २३ असते. २५ दात्यांची भुजा २४ दात्यांच्या दांड्यावर जोर देऊन बसवली तर ती बसल्यासारखी वाटते, पण भुजेचे दाते सोलले जातात. भुजेला या छंदात हॉर्न म्हणतात.

जोडण्यापूर्वी स्टिअरिंगचे दांडे सर्व्होविना हाताने दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावेत. कोठे अडत असेल तर ती अडचण आधी दूर करावी. तिच्यावर अधिक ताकदीचा सर्व्हो हा उपाय नाही. नंतर ट्रान्समीटर व रिसीव्हर सुरू करून, ट्रिम शून्यावर आणून सर्व्हो स्वतःच्या मध्यावर येऊ द्यावा आणि मगच हॉर्न जोडदांड्याशी काटकोनात बसवावा. वीज न देता हाताने अंदाजे मध्य काढून हॉर्न बसवणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. धातूच्या हॉर्नचा स्क्रू कंपनाने सैल होतो, म्हणून त्यास आटे घट्ट धरणारा द्रव लावतात. तो प्लास्टिकवर सांडू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे काम यानंतरचे. चाके पूर्ण वळून यांत्रिक अडथळ्याला टेकली तरी सर्व्हो पुढे ढकलतच राहिला, तर प्रत्येक वळणावर वर सांगितलेले १५ वॅट त्याच्या पोटात जिरतात. ट्रान्समीटरमध्ये एंड पॉइंटची मर्यादा ठरवण्याची सोय असते. चाके डाव्या टोकाला नेऊन, सर्व्होची गुणगुण ऐकू येईनाशी होईपर्यंत ही मर्यादा कमी करावी, आणि मग उजव्या बाजूसही तसेच करावे. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे येतीलच असे नाही. या पाच मिनिटांच्या कामास पैसा लागत नाही.

धडकेच्या आघातासाठी सर्व्हो सेव्हर असतो. हॉर्न व जोडदांडे यांच्यामध्ये स्प्रिंगने दाबून धरलेला हा भाग नेहमीच्या वळणात ताठ राहतो व आघाताच्या वेळी घसरतो. स्प्रिंग फार सैल असेल तर वेगात चाके पुरती वळत नाहीत आणि चालक विनाकारण जास्त ताकदीचा सर्व्हो शोधू लागतो. ती फार आवळली तर सेव्हर असून नसल्यासारखा होतो. गाडी जमिनीवर उभी करून स्टिअरिंग वळवावे. चाके पूर्ण वळली पाहिजेत, आणि एक चाक हाताने झटक्याने ढकलल्यास सेव्हरने मागे सरले पाहिजे. एक-अष्टमांश गाड्यांत तो स्टिअरिंगच्या तरफेतच बसवलेला असतो, तर अनेक लहान गाड्यांत हॉर्नच्या जागी येतो. डांबरी मार्गावरील काही तज्ज्ञ चालक अचूकतेसाठी सेव्हर काढून टाकतात. कच्च्या मैदानावर त्यांचे अनुकरण करू नये.

तपासणी व दुरुस्ती

फेरी संपल्याबरोबर सर्व्होच्या पेटीला बोट लावून पाहावे. कोमट असेल तर ठीक. बोट ठेववत नसेल तर एंड पॉइंट, विद्युतदाब व अडलेले दांडे या क्रमाने दोष शोधावा. वीज बंद करून हॉर्न दोन बोटांत धरावे व हलकेच हलवावे. किंचित खेळ स्वाभाविक आहे, पण तो मागच्या वेळेपेक्षा वाढला असेल तर दाते वा बेअरिंग झिजत आहेत. हॉर्न जोराने पूर्ण फिरवून पाहू नये. मोटर उलट फिरवण्याचा तोच ताण दात्यांवर येतो. वीज सुरू असताना ट्रान्समीटरवरील चाक एकदा डावीकडून व एकदा उजवीकडून मध्यावर सोडावे. दोन्ही वेळा चाके एकाच जागी थांबली नाहीत, तर प्रथम जोडदांड्यांचे सांधे व सेव्हर पाहावेत. हॉर्न सोडवल्यावरही फरक दिसत असेल तरच दोष सर्व्होचा मानावा.

दंतचक्रांचा सुटा संच मिळतो की नाही हे खरेदीपूर्वीच विचारून ठेवावे. अनेक हजारांचा सर्व्हो संच न मिळाल्याने टाकून द्यावा लागतो, आणि मध्यम किमतीचा सर्व्हो दोनदा संच बदलून अनेक हंगाम चालतो. संच बदलताना पेटीचे तळाचे लांब स्क्रू काढून वरचे झाकण सरळ वर उचलावे व चक्रांचा क्रम छायाचित्र काढून ठेवावा. तुटलेल्या दात्यांचे कण जुन्या वंगणासह पूर्ण पुसून काढावेत, कारण राहिलेला एक कणही नवे चक्र खराब करतो. शेवटच्या चक्राच्या खालची खाच संवेदकाच्या दांड्यावर नेमकी बसली पाहिजे. दांडा ठरावीक कोनापलीकडे जाऊ नये म्हणून काही चक्रांवर एक छोटी खुंटी असते. तीही योग्य बाजूस आहे ना, ते पाहावे. नवे वंगण पातळ थराने लावावे. रबरी पट्टी ताणली गेली असल्यास ती बदलावी व स्क्रू एकाआड एक, तिरप्या क्रमाने आवळावेत. अन्यथा पेटी एका बाजूने उघडी राहते व जलरोधकता जाते.